साडभाऊंचा तांडा नकाशावर

आमच्या साडभाऊंना काहीतरी नवीन शिकायचं आहे असं कानावर आलं, की शहाण्या माणसाने चार दिवस गाव सोडावं. मी शहाणा नाही, शिवाय यवतमाळात राहतो, म्हणून दरवेळी सापडतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नेरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आपल्या तांड्यावर, बंजाऱ्यांच्या वस्तीवर, जाऊन राहिले. पेटी शिकायला आले तेव्हा शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. मधमाश्या पाळायला शिकले तेव्हा माझा डोळा सुजला, त्यांचा नाही. गेल्या उन्हाळ्याआधी वळकटी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "साडभाऊ, कॉम्प्युटरवर नकाशे कराचा क्लास हाय कॉलेजात. तुमचंबी नाव टाकून आलो. एकट्याले झोप येते तिथं." घ्या! मी नुकताच नोकरीतून सुटलो होतो, मला दुपारी झोप घरीच येत होती.

नाही म्हणता आलं नाही, कारण त्यांना नकाशा कशाला हवा होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या मेहुणीच्या, म्हणजे साडभाऊंच्या बायकोच्या, छातीत दुखू लागलं, अॅम्ब्युलन्सला फोन केला. आमच्याकडे तांड्याला त्याच्या नाईकाचं, म्हणजे प्रमुखाचं, नाव असतं, आणि एका नावाचे नाईक काय थोडे होऊन गेले? ड्रायव्हरच्या मोबाईलात यांचा तांडा नव्हताच. त्याच नावाचा दुसरा होता, नदीपलीकडे. गाडी तिकडे गेली. विचारत विचारत इकडे पोचेपर्यंत ताई गेल्या होत्या. आता या क्लासात तालुक्यातल्या सगळ्या वस्त्यांचा नकाशा होणार होता आणि तो अॅम्ब्युलन्सवाल्यांना मिळणार होता. साडभाऊंना बाकी काही नको होतं. आपला तांडा त्यात बरोबर जागी बसला पाहिजे, बस.

पण सरळ शिकतील तर ते साडभाऊ कसले! त्यांचं सगळं उगवतीकडून. जेवायला तोंड पूर्वेला, दाढीला पूर्वेला. आल्या दिवशीच त्यांनी माझी खाट फिरवली, त्यामुळे मला भिंत दिसू लागली आणि त्यांना टीव्ही. क्लासातले कॉम्प्युटर नेमके मावळतीच्या भिंतीला लावलेले होते. मग हे पूर्वेला तोंड करून बसायचे आणि मान मागे वळवून पडद्याकडे बघायचे. संध्याकाळी ती मान चोळायचं काम कोणाचं, हे सांगायला नको. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या, फार सोशिक. त्यांनी सांगितलं की नकाशावर गाव म्हणजे ठिपका, रस्ता म्हणजे रेघ, शेत म्हणजे बंद आकार. साडभाऊ उठून उभे. "ठिपका? मॅडम, माणसं राह्यतात तिथं." अख्खा आठवडा नदीचा रंग ठरवण्यात गेला, कारण मॅडमचा निळा त्यांना खोटा वाटत होता. "आमची नदी मातकट हाय, उन्हाळ्यात तं नसतेच." एका नकाशावर दुसरा थर ठेवायचा म्हणजे काय, हे मी त्यांना पोळीचे पदर दाखवून समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पोळी खाल्ली.

मग प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या वस्त्यांवर जाऊन मोबाईलवर जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, घ्यायचे होते. हे माझ्याच गाडीवर मागे बसून गेले, मन लावून आकडे आणले, तक्त्यात भरले. मॅडमनी सगळ्यांसमोर नकाशा उघडला. तालुक्यात यांचा एकही तांडा नाही! महाराष्ट्र लहान केला, भारत लहान केला, तरी नाही. शेवटी सापडले, उत्तर ध्रुवाजवळ, बर्फाच्या समुद्रात, एका ओळीत. तक्त्यात पहिला रकाना उत्तरेचा होता, दुसरा पूर्वेचा. साडभाऊंनी पूर्व आधी भरली होती.

"शुभकामाले उत्तरेपासून सुरुवात कोण करते?" ते तावातावाने म्हणाले. "चतुःसीमा सांगाची तरी पहिली पूर्वच!"

"काका, कॉम्प्युटरला उगवत कळत नाही हो," मॅडम म्हणाल्या. पोरं खो खो हसत होती. खोटं कशाला बोलू, मीही हसत होतो.

साडभाऊ त्या पांढऱ्या समुद्राकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे गाडी आता इथं आली असती." हसणं आपोआप थांबलं. मॅडमनी घाईघाईने सांगितलं, काका, दोन रकाने अदलाबदल केले की झालं, एका मिनिटाचं काम. पण त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. म्हणाले, "नाही, मी पुन्हा जाऊन येतो." ते जाणार म्हणजे माझी गाडी जाणार. वैशाखाच्या उन्हात, डोक्याला दुपट्टे बांधून, आम्ही एकेक तांडा पुन्हा पालथा घातला. माझ्या कमरेने तेव्हा जो राजीनामा दिला तो अजून मागे घेतलेला नाही. दरेक ठिकाणी गाडी कुठवर येते ते पाहायचे आणि तिथेच आकडा घ्यायचे. एका नावाचे दोन तांडे असले तर नावापुढे जवळच्या गावाचं नावही लिहायचे. चहा कोणी पाजला तर घ्यायचे, पण उभ्यानेच. मला मात्र बसू द्यायचे. तेवढी माया होती.

नकाशा झाला, दिला गेला, साडभाऊ वळकटी घेऊन परत गेले. मी खाट पुन्हा फिरवली आणि टीव्ही लावला, पण का कोण जाणे, बघावासा वाटेना.

परवा त्यांचा फोन आला. शेजारची सून बाळंतपणात अडली होती, अॅम्ब्युलन्स बोलावली होती.

"साडभाऊ, गाडी आली. कोणालेच रस्ता नाही विचारला. सरळ आली."

"वा! जिंकलं तुम्ही," मी म्हणालो.

"हो ना. मीच धावत गेलतो पुढं. ड्रायव्हरनं इचारलं, काका, पेशंट कोणत्या घरी हाय? तं माहा हात माह्याच घराकडं गेला."

मी म्हणालो, चार दिवस इकडे या, काहीतरी शिकू. येतो म्हणाले आणि फोन ठेवला.

आतून हिने विचारलं, "काय म्हणत होते भाऊजी?"

"गाडी वेळेवर आली म्हणत होते," मी म्हणालो.

ही गॅस बंद करून तिथेच खाली बसली.