पोत्याचा धागा

समुद्रावर असताना मी एका माणसाला रोज शिव्या द्यायची. तो कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. चारी बाजूंना पाण्याशिवाय काही दिसत नाही अशा ठिकाणी आम्ही जाळीनं तरंगतं शेवाळ बोटीवर ओढायचो आणि चिमट्यानं त्यातलं प्लास्टिक वेचून मोजायचो. त्या शेवाळाला हवेचे बारके मणी असतात, त्यांच्यावर ते तरंगतं. मण्यांच्या मधे धागे अडकलेले. हिरवे, निळे, पांढरे. त्यातच माशांची अंडी, त्यातच नखाएवढे खेकडे. कोण्या गाढवानं सोडलं हे पाण्यात, असं मी तोंडातल्या तोंडात म्हणायची. बोटीवर कोणाला मराठी कळत नव्हती, तेवढं बरं होतं.

गेल्या कार्तिकात सुट्टीवर घरी आले. ढाणकीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्यावर आमचं गाव. आम्ही भोई, गावतलावात बाबा शिंगाडे लावतो. मोठा भाऊ ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरी बाबा आणि वयनी. वयनीला सातवा महिना होता. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या, त्यामुळे या वेळी घरात कोणी मोठ्यानं आनंदही करत नव्हतं. कच्च्या शिंगाड्यानं गर्भ धरून राहतो, असं आमच्याकडच्या बाया सांगतात. म्हणून बाबा रोज सकाळी फुगवलेल्या ट्यूबवर बसून तलावात जायचा आणि कवळे, टपोरे शिंगाडे तिच्यासाठी वेगळे काढायचा. उंबऱ्यात बसून ती ते दातानं सोलून खायची. आम्ही सगळे तसेच खातो. सुरी घेऊन बसणारा आमच्यात हसं करून घेतो.

समुद्रातलं शेवाळ कसं असतं, हे तिनंच विचारलं. मी म्हटलं, आपल्या शिंगाड्याच्या वेलावानीच, याच्या देठाला कसा फुगा असतो, तसंच. दाखवायला म्हणून एक वेल आणला आणि सवयीनं भिंग लावलं. मुळांच्या झुपक्यात पांढरे धागे होते.

माझ्या सुती ओढणीचे असतील, असं मी म्हणाले. खरंच तसं वाटलं. आमच्या कामात पहिला संशय स्वतःच्या कपड्यावर घ्यायचा असतो. वयनीची सुई मागितली, चुलीत तापवली, धाग्याला लावली. सुताचा धागा जळतो. हा आकसून वितळला. दुसरा वेल पाहिला, तिसरा पाहिला. मग शिंगाड्याच्या काट्यापाशी पाहिलं, जिथं दात लागतो. तिथंही होते.

बाबा अंगणात पाय धूत होता. त्याला विचारलं, "बाबा, हे कायचे धागे?"

त्यानं भिंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पोत्याचे. जुड्या बांधतो ना आपण. तूच तं सांगतलं होतं."

हो, मीच. पावसाळ्यात दोन-तीन वेलांची जुडी बांधायची आणि पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबायची, अशी आमची लावणी. जुडी बांधायला पळसाच्या मुळ्या ठेचून वाख काढावा लागायचा, आणि ते काम माझ्या भारी जिवावर यायचं. अकरावीत गेल्यावर मला अक्कल फुटली. खताच्या रिकाम्या पोत्याचे धागे ओढून बाबाला दिले आणि वर शहाणपण शिकवलं, हा सडत नाही म्हणून. पोरगी शिकली, असं बाबानं चारचौघांत सांगितलं. दोन वर्षांत तलावावरच्या सगळ्यांनी पोतीच धरली. वाख सडायचा तेच बरं होतं, तोवर वेलानं मूळ धरलेलं असायचं. पोत्याचा धागा सडत नाही, नुसता पिंजत जातो. एवढ्या वर्षांच्या जुड्या त्या चिखलात तशाच पडून आहेत, आणि दरसाल नवा वेल त्यांच्यातूनच वर येतो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

"त्याच्यानं काय होते?" बाबानं विचारलं.

"मले माहीत नाही."

खोटं नव्हतं. मी धागे मोजायला शिकले. बाईच्या पोटात गेल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे छातीठोकपणे सांगणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही.

"इतकी शिकली, आन माहीत नाही?" बाबा म्हणाला आणि ओल्या पायांनी तिथंच खाली बसला.

सातव्या महिन्यात बाईला भीती घालू नये, एवढं मलाही कळतं. पण वयनी उंबऱ्यातच होती, टोपलं मांडीशी घेऊन, सगळं ऐकत.

"वयनी, दातानं नको सोलू," मी म्हटलं. "धुऊन घे, आन सुरीनं सोल."

"दीड महिन्यापासून सोलून राह्यली मी, त्याचं काय ताई?"

तिच्या तोंडात अर्धा शिंगाडा तसाच होता. तिनं तो तळहातावर काढला, सालीसकट, थुंकीसकट, आणि हात माझ्यापुढे धरला. दुसरा हात पोटावर होता.

"पाहा," ती म्हणाली.

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. भिंग लावलं. ऊन चांगलं होतं, धागा लगेच दिसला.

"हाये काय?"

मी हो म्हटलं.