दत्तू जयकरचा कोण लागतो?

माझ्या पोरीचं लग्न कधीच न जन्मलेल्या दोन माणसांमुळं मोडायला आलं होतं.

गुप्तहेर जयकर आणि त्याचा साथीदार दत्तू! लहानपणी भाड्यानं आणून वाचलेल्या चाळीस पुस्तकांतली जोडी. जयकर खुनी पकडतो, दत्तू नुसतं "कमाल झाली साहेब!" म्हणतो. आता या वयात मी फेसबुकवर सिद्ध करत बसतो, की खरी अक्कल दत्तूचीच. (वाचणारे चौघं. त्यातला एक मी.)

त्या रविवारी इचलकरंजीचे पाहुणे जेवायला यायचे होते. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, मोठ्यांचा होकार तेवढा बाकी. सकाळपासून माझं बूड एका जागी टिकेना. दारात जा, गॅसजवळ जा, परत दारात! शेवटी बायको वैतागली. हातात पळी देत म्हणाली, "पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध घातलंय. हलवत ऱ्हावा. उकळी आली तर फुटंल. एवढं तरी जमंल न्हवं?"

"तांबड्या-पांढऱ्यात जन्म गेलाय माझा!" (खाण्यात गेलाय, हे बोललो नाही.)

तेवढ्यात पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि मामा. वडिलांची नजर थेट माझ्या पुस्तकांच्या कपाटावर. "आयला, जयकर-दत्तू! आमी बी वाचल्यात की!"

संपलं! मी पळीसकट बाहेर.

"दत्तूच खरा हुशार बघा," मी सुरुवात केली.

"छ्या! दत्तू जयकरचा मेव्हणा हाय."

"कशावरनं?"

"चाळीस पुस्तकं झाली, एकदा तरी वरडलाय का त्येला? बायकोचा भाऊ असल्याबिगार असलं बिनकामाचं माणूस कोण सोसतंय!"

मुलाचे मामा, म्हणजे पाहुण्यांचे सख्खे मेव्हणे, पाण्याचा तांब्या खाली ठेवून उठले. "म्हंजे मला सोसताय व्हय, दाजी?"

"तुमचं न्हाय हो, पुस्तकातलं..."

"कळलं की!" मामांनी एक चप्पल पायात घातलीसुद्धा. मामा रुसून गेले तर लग्न कसलं होतंय! मी सावरायला धावलो, "मामा, बसा! मेव्हणा असला तरी अक्कल सगळी त्याचीच. जयकर नुसता टोपी चढवून फिरतो!"

मामा खूश होऊन बसले. आता वडील उठले. "म्हंजे मी नुसता टोपी चढवून फिरतोय?" (टोपी डोक्यावरच होती!) "चल गं, निघूया."

"अहोऽऽ! रस्सा!" आतून बायकोची किंकाळी.

धावत आत गेलो. रस्सा फुटला होता. वर पांढऱ्या गुठळ्या, खाली पाणी. पोरगी कोपऱ्यात मुसमुसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाची आई मागोमाग आत आली. तिनं पातेलं बघितलं, मग पळी धरून उभ्या असलेल्या मला बघितलं. "ह्ये असंच असतंय व्हय रोज?"

"पंचवीस वर्षं," बायको म्हणाली.

"आणि तुमी समदं सांभाळलंसा?"

बाई बाहेर जाऊन नवऱ्यावर कडाडल्या, "गप बसा खाली! पोरगी पसंत हाय. असल्या माणसाचा संसार वढलेल्या बाईची लेक हाय ती, आपल्या घरात कशाला बी भिणार न्हाय!"

माझी पोर एम.एस्सी. झालीय, चांगली नोकरी करते, दिसायलाही छान आहे. पण स्थळ जमलं ते बाप असा निघाला म्हणून!