बिनवासाचा साबण

माझ्या ताईकडे पाहुणे टिकत नसत, कारण ती दारातच त्यांचा वास घ्यायची. अत्तर, केसांचं सुगंधी तेल, नखांचा रंग, काहीही असलं तरी नाक मुरडून न्हाणीघराकडे बोट दाखवायची. बिनवासाचा साबण तिथे ठेवलेलाच असे. तुझ्या घरात माणसानं श्वास तरी घ्यायचा का, असं मी एकदा चिडून विचारलंही होतं.

कारण होतं तिचं काम. मूल होत नसलेल्या जोडप्यांचे गर्भ ती प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवते. आधी नुसता ठिपका, मग दोनाचे चार, चाराचे आठ, आणि पाचव्या दिवशी पोकळ चेंडू झाला की डॉक्टर तो आईच्या पोटात सोडतात. त्या गर्भांना हवेतला सुगंधसुद्धा बाधू शकतो. आपल्या अंगाच्या वासानं कुणाचं मूल जाईल, या धास्तीनं तिनं घरातून वासच हद्दपार केला.

भावजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. पहिल्या भेटीला मात्र इतकं अत्तर लावून आले होते, की खोलीत आधी ते शिरलं आणि मागून भावजी. ताईनं चहा द्यायच्या आधी कामाचं कारण सांगून ते बंद करायला लावलं. ते हसून हो म्हणाले. घरात पुन्हा कधी बाटली दिसली नाही.

या थंडीत भावजी झोपेतच गेले. ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळं आटोपून आम्ही घरी आलो, आणि तिनं रोजच्या सवयीनं कपडे गोळा करून धुवायला टाकले. त्यात दारामागचा त्यांचा आदल्या दिवशीचा शर्ट होता, उशीचा अभ्रा होता. मला कळलं तेव्हा सगळं दोरीवर वाळत होतं. संध्याकाळी ती त्यांच्या कपाटात डोकं घालून उभी होती.

“एकाही कपड्याला त्यांचा वास नाही गं,” ती म्हणाली. दुकानात साखर संपली होती असं सांगावं, तशा आवाजात.

थोड्या दिवसांनी ती कामावर जाऊ लागली. वाढलं तर जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. मला तिची भीती वाटायला लागली. तिला बोलतं करावं म्हणून मी विचारलं, त्या गर्भाच्या ठिपक्यात सुरुवातीला घडतं तरी काय? पुसापुशी होते, ती म्हणाली. पेशींवर आईबापांच्या शरीरातल्या जुन्या खुणा असतात, त्या बहुतेक पुसल्या जातात, म्हणून तर पुढे त्यातून हात, डोळा, काहीही घडू शकतं. थोड्या खुणा मात्र राहतात, काही आईकडच्या, काही बापाकडच्या. त्याही गेल्या तर गर्भ नीट वाढत नाही. एवढं बोलून ती ताट घासायला उठली.

मग एक दिवस भावजींच्या कचेरीतले, शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ त्यांच्या खणातलं सामान घेऊन आले. चष्म्याचं घर, कंगवा, बिनवासाच्या साबणाची झिजलेली वडी आणि अर्धी संपलेली अत्तराची बाटली. ताई वडीकडेच बघत राहिली. गृहस्थ आपले सहज बोलून गेले, की भावजी कचेरीत आल्याबरोबर अत्तर मनगटाला लावायचे आणि घरी निघताना कोपरापर्यंत हात खसाखसा धुवायचे. “आम्ही मान वर न करता ओळखायचो, हे आले म्हणून.”

अख्ख्या कचेरीला माहीत, आणि घरच्या बाईला पत्ता नाही. मला भावजींचा राग आला, मग ताईचा, मग नक्की कुणाचा ते कळेना.

गृहस्थ गेल्यावर ताई बाटली मुठीत धरून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका जोडप्याचा गर्भ सोडायचा होता. बऱ्याच वेळानं तिनं हाताखालच्या मुलीला फोन लावला.

“उद्याचं तू बघ. मी येत नाही. बरी आहे गं मी, पण माझ्या अंगाला वास येईल.”

फोन ठेवून तिनं बूच काढलं, थेंबभर मनगटाला लावलं आणि नाकाशी नेलं.

“हाच,” ती म्हणाली. “पहिल्या भेटीतला. मीच नको म्हटलं होतं.”

मग भावजी गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली, आणि काही केल्या मनगट नाकापासून दूर करेना.