धनाजीरावांची व्हॅन आणि फाटकापुढचा बंप

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात धनाजीराव जगतापांना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. आता त्यात धनाजीरावांचं कर्तृत्व काही नाही हो, सगळी करणी त्यांच्या व्हॅनची. आजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते. नातवाचा जन्म मात्र कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट देण्या-घेण्यात गेला. पण घोड्याची हौस रक्तातली, ती जाते कुठे! निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बेकरीवाल्याची म्हातारी व्हॅन विकत घेतली. सकाळी तिच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय हा गृहस्थ चहाला तोंड लावत नसे. पावाचा वास तिला अजून येतो, पण ते त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

व्हॅनची एकच अडचण होती. तिच्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या आणि पोट जमिनीला टेकायला आलं होतं. त्यात सोसायटीने फाटकापुढे बंप घातला. उरलेलं सिमेंट वाया कशाला घालवा म्हणून गवंड्याने सगळं त्यातच ओतलं. झालं! माणसं बसलेली असली की व्हॅनचं पोट त्या बंपवर असं काही खरवडायचं की तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडकीत यायच्या.

मग रीतच पडली. बंप आला की सगळ्यांनी उतरायचं, रिकामी व्हॅन पलीकडे जाणार, आणि मग पुन्हा बसायचं. अहल्याबाई, म्हणजे धनाजीरावांची बायको, बिचारी वर्षानुवर्षं अशी उतरत आली. हातात भाजीची पिशवी, गुडघे कुरकुरताहेत, वरून शेजारणी बघताहेत. व्हॅन हळू झाली की तिचा हात आपोआप दाराच्या कडीवर जायचा. धनाजीराव स्टिअरिंग धरून समोर बघत राहायचे. वाईट वाटायचं हो त्यांना.

अशात मनालीचं, त्यांच्या मुलीचं, लग्न करजणला जमत आलं. मुलाची आई राजेश्वरीबाई घर बघायला येणार म्हटल्यावर धनाजीराव फोनवर बोलून गेले, "बसचे धक्के कशाला खाता? मी स्वतः गाडी घेऊन येतो. मानाने नेतो तुम्हाला!"

फोन ठेवला आणि अहल्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मानाने? आणि त्या बंपवर काय सांगणार त्यांना? विहीणबाई, उतरा, आमची गाडी घासते? माझं जाऊ द्या, मी उतरले इतकी वर्षं. पण माझ्या पोरीच्या सासूला उतरवलंत ना, तर त्या व्हॅनमध्ये मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. सांगून ठेवते!"

तिने सांगून ठेवलं म्हणजे ठेवलं. धनाजीराव तडक गोरव्याला जशुभाईच्या गॅरेजात गेले. नव्या स्प्रिंगांचा भाव ऐकून त्यांना आधी पाणी द्यावं लागलं. मग जशुभाईने स्वस्तातला तोडगा काढला. मागच्या कमानीत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगेत, भंगारातल्या टेम्पोची एक जाड पट्टी घालायची आणि पुढच्या स्प्रिंगांवर नायलॉनच्या चकत्या बसवायच्या.

"पण काका, माप भरेली गाडीनुं लेवुं पडे," जशुभाई म्हणाला. माप भरलेल्या गाडीचं घ्यायचं, म्हणजे माणसं बसल्यावरही ती बंपवरून जाईल, एवढंच त्याचं म्हणणं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सिमेंटच्या चार गोण्या टाकल्या असत्या. पण नाही! पडले जगताप. कुठलंही काम म्हणजे आधी चार माणसं बोलवायची, हे त्यांच्या घरात पूर्वीपासूनचं. त्यांनी सोसायटीतली वजनदार मंडळी निवडून गोळा केली. रिकाम्या पोटी माप चुकेल म्हणून आधी सगळ्यांना सेवउसळ खाऊ घातली, वर ताकही पाजलं. मग ती ढेकर देणारी पलटण व्हॅनमध्ये कोंबली आणि जशुभाईला म्हणाले, "आता उचल!"

जशुभाईने उचलली. पट्ट्या घातल्या, चकत्या घातल्या, जॅक काढला, व्हॅन तसूभरही खाली बसली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माणसं उतरायला लागली, आणि एकेक जण उतरला तशी व्हॅन वर वर यायला लागली. आतल्या कोपऱ्यातले पटेलकाका शेवटी उतरायला निघाले, तर त्यांच्या पायाला जमीनच लागेना. दोघांनी धरून खाली घेतलं त्यांना. उंटासारखी उभी होती व्हॅन!

"आता कमी करायची तर सगळं पुन्हा खोलावं लागेल," जशुभाईने डोकं खाजवलं.

"काही कमी करू नकोस!" धनाजीरावांची छाती फुगली होती. "घोडं उंचच असावं."

करजणला निघायच्या दिवशी अहल्याबाई नवी पैठणी नेसून खाली आल्या आणि व्हॅनकडे बघतच राहिल्या. "अहो, यात चढायचं कसं?"

त्यांनी एकदा पाय उचलून बघितला, दोनदा बघितला, मग तरातरा घरात गेल्या आणि जेवायचा लाकडी पाट घेऊन आल्या. तो खाली ठेवला, त्यावर चढल्या, मग आत. पाट मनालीने उचलून सीटखाली सारला. धनाजीरावांनी गाडी चालू केली.

करजणला राजेश्वरीबाई जरीकाठी नेसून दारातच उभ्या होत्या. व्हॅनची उंची बघून त्यांचा चेहरा उतरला. पण अहल्याबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती! तिने पाट काढला, दारापुढे मांडला, पर्समधली कुंकवाची डबी काढून पाटावर एक बोट टेकवलं आणि म्हणाली, "या विहीणबाई. आमच्याकडे सोयऱ्यांना मातीवरून गाडीत चढवत नाहीत. पाटावरूनच घेतात."

राजेश्वरीबाईंचा चेहरा असा काही खुलला! "अगंबाई, संस्थानातली रीत का ही? ऐकलं होतं, जगतापांकडे फार सांभाळतात म्हणून." त्या पाटावर चढल्या, दोन क्षण तशाच उभ्या राहिल्या, शेजारच्या घरांकडे बघून घेतलं आणि मगच आत बसल्या.

वाटेत टेम्पोच्या पट्टीने आपला धर्म सोडला नाही. प्रत्येक खड्ड्याला सगळी मंडळी एकदमच छताकडे जाऊन येत होती. पण धनाजीरावांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, तो बंप. आज अख्खी सोसायटी बघेल. आज कुणी उतरणार नाही. आज अहल्या राणीसारखी बसून आत जाईल.

फाटक आलं. धनाजीरावांनी गाडी हळू केली. बंपवर हळू करावीच लागते ना!

आणि खट्‌ करून कडी वाजली. अहल्याबाई दार उघडून, पाट टाकून खाली उतरल्यासुद्धा! मागोमाग मनाली. आणि त्या दोघी उतरल्या म्हणून, पदर सावरत, राजेश्वरीबाईसुद्धा!

"अगं... अगं, कशाला..." धनाजीरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

अहल्याबाईंना तेव्हा कुठे कळलं आपण काय केलं ते. त्यांनी जीभ चावली. राजेश्वरीबाई मात्र हात जोडून फाटकाकडे बघत होत्या. "वेशीवर उतरून पायी आत जायचं, हो ना? आमच्या आजी सांगायच्या. हल्ली कोण पाळतं हे! विहीणबाई, लग्नात आमचं सगळं वऱ्हाड इथंच उतरणार बरं का. पाटावरून."

आणि त्या पायी आत गेल्यासुद्धा. मागून रिकामी व्हॅन बंपवरून गेली. खाली एवढी मोकळी जागा होती की तिथे झोपलेल्या कुत्र्याने मानही वर केली नाही. धनाजीरावांना रडावं की हसावं कळेना.

संध्याकाळी राजेश्वरीबाई खुशीत परत गेल्या. मनालीचं लग्न ठरलं. सगळे पेढे खात असताना धनाजीराव बायकोजवळ येऊन हळूच म्हणाले, "जरा खाली येतेस?"

खाली व्हॅन उभी होती. पाट त्यांनी स्वतःच्या हाताने मांडला होता. "बस," ते म्हणाले. "आणि कडीला हात लावायचा नाही."

अहल्याबाई पुढच्या सीटवर बसल्या. फाटक आलं, गाडी हळू झाली, सवयीने हात उठला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून मांडीवर ठेवला. व्हॅन बंपवर चढली आणि उतरली. खरवडण्याचा आवाज नाही, काही नाही.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं एवढ्यासाठी उतरत होते मी?"

"चुकलंच माझं, अहल्या. आधीच करायला हवं होतं," धनाजीराव म्हणाले.

अहल्याबाईंनी डोळे पुसले, पैठणीच्या निऱ्या नीट केल्या आणि वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या होत्या.

"अहो, वळवा गाडी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी नीट बघितलं नसेल."