घोंगडीतली बॅटरी

माझ्या थोरल्या साडूंनी जिची काळजी केली नाही अशी वस्तू उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात नाही. आमच्या शेजारीच राहतात, आणि आपली जुनी जीप रोज सकाळी सहाला निव्वळ 'तब्येत बघायला' सुरू करतात. जायचं कुठंच नसतं. त्या धडधडाटानं गल्लीतली कुत्री उठतात, मी उठतो, आणि माझा अंदाज असा की पंचगंगेतले मासेही कूस बदलतात.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या लेकीचा हिमाचलातून फोन आला. जावई तिथं धरणाच्या कामावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं लांबचा प्रवास बंद केलेला. साडू म्हणाले, "लेक येत न्हाय व्हय? मग म्हायारच तिकडं न्यायचं!" जीपमध्ये डिंकाचे लाडू, कांदालसूण चटणी आणि साडूंची मंडळी म्हणजे आमच्या अक्का, याच क्रमानं भरायचं ठरलं. पण तिथून दवाखाना तासाभराच्या उतारावर, जावयाकडे गाडी नाही, आणि नेमकी जीपची बॅटरी मेलेली. साडूंच्या मनानं एकच घेतलं: ऐन बर्फात लेकीला कळा सुरू झाल्या आणि जीप सुरू झाली नाही तर?

झालं! राजारामपुरीत सलीमभाईंच्या दुकानात आमच्या तीन दिवस फेऱ्या. साडू बॅटऱ्या कलिंगडासारख्या टिचकी मारून बघत. सलीमभाई शांतपणे समजावत होते, "काका, थंडीत बॅटरीची ताकद घटतीया आणि इंजनातलं तेल घट्ट हुतंय. म्हणून गारठ्यात जोर जास्त देणारी घ्यायची, आणि ताजी. ही बघा, वर लिवलंय की."

"लिवलंय खरं. परीक्षा कुठं झाली?"

परीक्षा शिरोळजवळच्या बर्फाच्या कारखान्यात झाली. मालक साडूंच्या तालमीतला दोस्त. साडूंनी स्वतः आत जाऊन लाद्यांमध्ये बॅटरी ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत सलीमभाई धरून आम्ही तिघं बाहेर उसाचा रस पीत बसलो. मग साडूंनी ती छातीशी धरून आणली, जोडली, आणि जीप अशी गरजली की हमालांनी टाळ्या वाजवल्या. साडू पेढे वाटू लागले. सलीमभाईंनी मात्र बॅटरीला हात लावला. "काका, ही गार कशी न्हाय?"

"घोंगडीत गुंडाळून ठिवलीती की! तसल्या गारठ्यात उघडी ठिवू व्हय? काय माणुसकी?"

"अहो, पोराला कॉपी पुरवून पास केल्यागत झालं हे!"

दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा. घोंगडी नाही म्हणून सोबतीला साडू स्वतः आत उभे राहिले, आणि मालकानं ओढून काढेपर्यंत हलले नाहीत. बॅटरी पास झाली. साडू आठ दिवस शिंकत होते.

त्यांना हिमाचलात जाऊन आता महिना झाला. सकाळी सहाला गल्लीत काहीच वाजत नाही. ज्या आवाजाला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्याची वाट बघत मी जागा होतो. परवा त्याच वेळेला फोन आला.

"साडू, बोलू नगा. नुसतं ऐका."

एक खटका, आणि जीप धडधडली.

"एका फटक्यात! बाहेर सगळं पांढरंफेक हाय. पोरगीला घिऊन निघालोय." मग आवाज खाली आला. "रातीला बॅटरी काढून घरात घोंगडीतच निजवलीती. सलीमला सांगू नगा."

फोन बंद करायला ते विसरले. मी तो कानाशी धरून ऐकत राहिलो, मग उताराला आवाज तुटायच्या आत दार उघडून कुत्र्यांनाही ऐकवला. साडूंच्या जीपच्या मोकळ्या जागेवर निजलेलं एक कुत्रं कान टवकारून उठलं, आणि जीप कुठं दिसते का ते बघत गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलं.