मेस्त्रीनं न बघितलेला बर्फ

ये गं, जवळ ये जरा. समुद्रापलीकडं आहेस, ठाऊक आहे मला, तरी ये. आणि आधी बोलूनच घेते. दर रविवारी आईला फोन करतेस, गुडघा विचारतेस, भाजी काय केली विचारतेस, आणि मी ‘आप्पांना देऊ का?’ म्हटलं की तुला दवाखान्यात ड्यूटीवर जायची घाई होते. तीन वर्षं झाली, बरोबर त्याच मिनिटाला कशी गं घाई होते? लबाड कुठली!

आता ऐक. तुला माहीत आहे तेही सांगणार आहे, कारण तुला माहीत नाही ते त्याशिवाय सांगता येत नाही.

अनगोळातलं आप्पांचं गॅरेज म्हणजे डिफरन्शियलचं गॅरेज. ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधला तो दात्यांचा गोळा उघडला की आप्पा जेवण विसरायचे. उसाच्या हंगामात काकतीकडच्या काळ्या रानात भरलेला ट्रक रुतला की बोलावणं यायचंच. चाकाखाली पाला घाला, दगड घाला, जे चाक घसरतं तेच गरगर फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही. आप्पांनी असे किती गोळे लॉक करून दिले, दोन्ही चाकं बरोबर ओढतील असे. गाडी चिखलातून निघाली की लोक म्हणायचे, ‘मेस्त्रींचा हात लागला!’

म्हणून तू तिकडच्या पहिल्या थंडीत फोन केलास, ‘आप्पा, पिकप ट्रक घ्यायचाय, बर्फात चालवायला. डिफरन्शियल कुठला घेऊ?’ तेव्हा ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. पोरगी एवढ्या लांबून बापाला विचारते!

‘साधा नको,’ आप्पा म्हणाले. ‘साध्यात एक चाक राबतंय आन दुसरं सरकारी हापिसात बसल्यागत बसतंय.’

तू खळखळून हसलीस. ‘मग आपोआप लॉक होणारा, का बटणाचा? विकणारा म्हणतोय बटणाचा घ्या.’

‘आपोआप. बटण दाबायला माणूस इसरतंय, यंत्र इसरत न्हाय.’

‘पण आप्पा, तो म्हणतोय बर्फावर…’

‘त्यो इकणारा हाय गं. मी तुझा बाप हाय.’

आणि चहाचा कप हातात घेऊन मागून मी म्हटलं, ‘ऐक की बापाचं.’ ते मी म्हटलं होतं. विसरली असशील, मी नाही विसरले.

पुढचं तुझ्याच अंगावरून गेलं, त्याचं मी काय सांगू? तुला सातवा महिना लागलेला. रस्त्यावर काचेसारखा बर्फ, वळण, आणि गाडीची मागची बाजू आडवी होऊन खड्ड्यात. तुझं हाडसुद्धा मोडलं नाही. बाळ मात्र गेलं. चौथ्या दिवशी तुझा फोन आला. रडली नाहीस, ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, ‘आप्पा, मी तुमचंच ऐकलं.’

इथवर तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा न जेवता खासबागेत गेले. तिथं एक म्हातारे आहेत, मिलिटरीत बर्फाच्या घाटात ट्रक चालवलेले. त्यांनी समजावून सांगितलं. चिखलात दोन्ही चाकांनी बरोबर धरलेलं बरं. पण बर्फाच्या वळणावर ती दोन्ही एकदमच सुटतात, आणि मागची बाजू सावरायला काही उरत नाही. बटणाचा असता तर रस्त्यावर लॉक काढून ठेवता आला असता, रुतल्यावरच लावायचा.

घरी आले ते चपला घालूनच आत आले. मी पाणी दिलं. म्हणाले, ‘मी चिखल बघितलावता. बर्फ कुठं बघितलाय मी? मला ठाव न्हाय, एवढंच म्हणायचं हुतं पोरीला.’

पण आपल्याकडं मेस्त्री तसं म्हणतो का गं कधी? ‘ठाऊक नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजला जातं. चाळीस वर्षं ते वाक्य ह्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

आता तेवढंच निघतं. परवा निपाणीहून एक जुना ड्रायव्हर गोळ्याचा आवाज दाखवायला आला होता. नुसत्या आवाजावरून झिजलेला दाता ओळखणारा माणूस हा, तर म्हणे, ‘मला ठाव न्हाय, दुसरीकडं दाखवा.’ ड्रायव्हर हसला, ‘मेस्त्री, चेष्टा करताय व्हय?’ ह्यांना कळत होतं गं! बोटं गुडघ्यावर हलत होती, मी दारातून बघत होते.

आणि रविवारी तुझा फोन आला की आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. तू ठेवलास की एकच विचारतात, ‘आज बर्फ पडलाय का तिकडं?’ मी कधी हो म्हणते, कधी नाही. खरं मला कुठं ठाऊक असतं?

त्यांना माफ कर, असं मी म्हणत नाही. बाळ तुझं होतं, राग तुझा आहे. मलाही राग येतो कधी, त्यांचा आणि माझाही. मग ताट वाढते आणि दोघं खाली मान घालून जेवतो. पण फोनवर हे मिटायचं नाही, बाई. त्यांच्यासमोर बसून भांड, रड, ते जे म्हणतील ते ऐक, नाहीतर ऐकू नको. सुट्टी मिळेल तेव्हा, असं म्हणू नकोस, मागून घे. लवकर ये गं, थंडी सुरू व्हायच्या आत ये.