आमचे तात्या नेमके कोणते

आमच्या घरात माझ्या हॅम रेडिओला कुणी रेडिओ म्हणत नाही. बायको 'टरटर' म्हणते, आई 'तुझं ते खोकं' म्हणते. चाळिशी उलटल्यावर लोक गुडघ्यांकडं लक्ष देतात, मी परीक्षा देऊन वायरलेसवर बोलायचं सरकारी लायसन काढलं आणि बीडच्या घरावर अँटेना उभी केली. तिच्या खांबाला बायकोनं लगेच कपडे वाळवायची दोरी बांधली, त्यामुळं अँटेना अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. "सारी दुनिया मोबाईलवर बोलती," आई पाहुण्यांना सांगायची, "ह्यालाच कावून खोक्यात वरडायचं असतं, काय कळत न्हाई."

मग गोदावरीला पूर आला. वरून पाऊस, त्यात धरणाचं पाणी सोडलेलं. गेवराईकडच्या काठच्या गावांची वीज गेली आणि मागोमाग मोबाईलचे टॉवर बंद पडले. त्यातल्याच एका गावात माझे मामा राहतात, आईचे धाकटे भाऊ. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. मामी लेकीकडं पुण्याला गेलेली, म्हणजे तात्या घरी एकटेच. आई आदल्या दिवसापासून फोन लावत होती.

सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. "तुझं ते खोकं तिथवर बोलतं का रे?"

बोलत होतं, पण सरळ नाही. मदतीच्या पथकाबरोबर गेवराईचे एक मास्तर हातातला सेट घेऊन त्या गावात गेले होते. त्यांचा आवाज बीडला पोचत नव्हता. म्हणून आमच्या हॅमवाल्यांतलेच एक मेडिकल दुकानवाले मांजरसुंब्याच्या घाटावर, एका धाब्यामागं गाडी लावून बसले होते. मास्तर बोलायचे, मेडिकलवाले ऐकून ते मला सांगायचे, माझं मास्तरांना सांगायचे. ह्यात नियम एकच: निरोप आला तसा पुढं द्यायचा. पदरचं घालायचं नाही, आलेलं गाळायचं नाही. मेडिकलवाले बोलायला अतिशय सभ्य आणि नियमाला पक्के.

मी निरोप सोडला: तात्या, वय साठीच्या पुढं, एकटे, कसे आहेत. थोड्या वेळानं घाटावरून उत्तर आलं. "तात्या शाळेत आहेत. सुखरूप. ओव्हर."

मी खुर्चीतून उठून ही बातमी आधी घराला आणि मग गॅलरीतून गल्लीला सांगितली. बायकोनं शिऱ्याला रवा भाजायला घेतला. आई मात्र म्हणाली, "काय करतोय ते इचार."

विचारलं. "तात्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला आहे. ओव्हर."

आई ताडकन म्हणाली, "तो आपला तात्या न्हाई."

"अगं, मास्तरांनी डोळ्यानं बघितलंय."

"बघितलं आसंल. लहानपनापून चहा पोटात ठरत न्हाई त्याच्या. कोनाला धरून बसलेत ते इचार आधी!"

शाळेतले तात्या खरंच दुसरे निघाले. शिवाय तिथं आणखी दोन तात्या होते. आमच्याकडं दर दोन घरांआड एक तात्या असतो, हे सारा जन्म ह्याच जिल्ह्यात काढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. घाटावरून शांतपणे विचारणा झाली, "पूर्ण नाव द्यावं. ओव्हर."

मी बटण दाबलं आणि सोडून दिलं. सख्ख्या मामाचं कागदावरचं नाव मला ठाऊक नव्हतं. लग्नपत्रिकेत सुद्धा ते 'तात्यासाहेब' म्हणूनच छापून यायचे.

"आई, तात्यांचं नाव काय गं?"

"घ्या," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "अन् निघालेत जगाची खबर काढायला."

आईनं नाव सांगितलं, मी पुढं दिलं. उत्तर आलं की त्या नावाचं शाळेत कुणी नाही. स्वयंपाकघरातला गॅस बंद झाल्याचा आवाज मला ऐकू आला.

"आखाड्यावर बघा म्हनावं," आई म्हणाली. "म्हशी हायत तिथं." आखाडा म्हणजे शेतातली गोठ्याची, राहायची जागा. तात्यांचं शेत नदीच्या अंगाला.

मास्तर सेट घेऊन होडीत बसले. आम्ही खोक्याकडं बघत बसलो. आई कॉटच्या कडेवर बसून पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

शेवटी मेडिकलवाले आले. "संबंधित व्यक्ती आखाड्याच्या पत्र्यावर आहे. होडीत यायला नकार. निरोप आहे, तसाच देतो." ते जरा खाकरले. "'म्हशी सोडून मी कुटंबी येनार न्हाई. तुमच्या होडीला लावा आग. अन् आमच्या अक्काला सांगा, भोकाड पसरू नको, मी मेलो न्हाई अजून.' ओव्हर."

"हाच," आई म्हणाली. "हाच आपला." तिच्या तोंडावर रंग आला आणि लगेच गेला. "पानी चढतंय का इचार."

चढत होतं. मास्तरांच्या मते अंधार पडायच्या आत पत्र्याला लागणार होतं, आणि होडीला दुसरी फेरी जमेल याची खात्री नव्हती.

"सांग त्याला," आई म्हणाली. "म्हशीला पवता येतं, तुला येत न्हाई. दावी काप. आत्ता होडीत न्हाई बसलास तर दिवाळीला ओवाळून घ्यायला माझ्या दारात यायचं न्हाई. ह्या बी अन् फुडच्या बी."

मी थोडं मऊ करून सांगणार होतो, पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणून पन्नाशीच्या मी, थोरल्या बहिणीच्या शब्दांत, मामाला भाऊबीज बंद करायचा दम दिला. घाटावर मेडिकलवाल्यांनी तोच दम अक्षरही न बदलता, फार अदबीनं पुढं दिल्याचं मी ऐकलं.

खोक्यात खरखर चालू होती, आई उठून त्याला कान लावून उभी राहिली.

"दावी कापली आहेत," मेडिकलवाले म्हणाले. "म्हशी पाण्यात आहेत, डोकी वर दिसतात. व्यक्ती होडीत बसली. निरोप: 'अक्का, ओवाळनीला तुला काय घालू ते तूच सांग. हितं आता कायबी ऱ्हायलं न्हाई.' ओव्हर."

मी आईकडं पाहिलं. "काय सांगू?"

"रिकामा ये म्हनावं," आई म्हणाली.

मी बटण दाबलं.